कुंपणानेच शेत खाऊ नये म्हणून : कारखान्यांसाठी सुरक्षित नेटवर्क उपकरणांची निवड

मुंबई-हावडा लोहमार्गाने भुसावळ सोडून पूर्वेकडे निघाले की विदर्भाच्या वेशीवर मलकापूर लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, तीत पिकणारा कापूस, त्यावर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि राष्ट्रीय महामार्गालगतची दसरखेड औद्योगिक वसाहत ही बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याची ओळख आहे. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान हाती घेतले आणि त्यानंतर देशभरातील जिनिंग कारखान्यांचे रूप पालटू लागले. एकेकाळी मजुरांच्या डोक्यावरून जाणारा कापूस पट्ट्यांवरून व हवेच्या नळ्यांमधून यंत्रापर्यंत पोहोचू लागला. सरकी वेगळी होऊन उरलेली रुई दाबली जाते आणि सुमारे १७० किलोची गाठ बांधून बाहेर पडते. आधुनिक कारखान्यात या साखळीवर पीएलसी नावाचा छोटा औद्योगिक संगणक देखरेख ठेवतो. पट्टा केव्हा थांबवावा, प्रेसचा दाब केव्हा सोडावा, मोटार तापल्यास काय करावे, हे तोच ठरवितो.

हा पीएलसी एकटा असे तोवर चिंतेचे फारसे कारण नव्हते. परंतु उत्पादनाचे आकडे मालकाला कार्यालयात हवे असतात, यंत्र बनविणाऱ्या कंपनीला शेकडो किलोमीटर दूर बसून दोष शोधायचा असतो आणि वीज, पाणी, तापमान यांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. त्यासाठी यंत्राला केबल जोडली जाते, त्या केबलच्या टोकाला स्विच येतो, पुढे राऊटर येतो आणि राऊटरपलीकडे इंटरनेट असते. ही उपकरणे निवडताना बहुधा किंमत आणि पोर्टची संख्या एवढेच पाहिले जाते. वास्तविक कारखान्याच्या सुरक्षिततेचा मोठा भाग याच निवडीवर अवलंबून असतो. मलकापूरसारख्या ठिकाणच्या मध्यम कारखान्याने ती कशी करावी, याचा हा आढावा.

कार्यालयाचे नेटवर्क आणि यंत्राचे नेटवर्क

कार्यालयातील संगणकांच्या बाबतीत पहिली काळजी असते ती माहितीच्या गुप्ततेची. हिशेब, पगारपत्रके, ग्राहकांची यादी बाहेर जाऊ नये, हे तेथे महत्त्वाचे. कारखान्यात हा क्रम उलटा होतो. तेथे पहिला प्रश्न माणसाच्या जिवाचा, दुसरा यंत्र अखंड चालण्याचा आणि गुप्ततेचा त्यानंतरचा. कार्यालयातील संगणक दहा मिनिटे बंद पडला तर चहा पिऊन परत येता येते. रासायनिक भट्टीवरील नियंत्रण दहा मिनिटे गेले तर परिणाम वेगळे असतात.

दुसरा फरक आयुष्याचा. कार्यालयातील संगणक पाच-सहा वर्षांत बदलला जातो. पीएलसी पंधरा-वीस वर्षे काम करतो. त्याच्याशी बोलण्याच्या भाषाही जुन्या आहेत. आजही सर्वत्र वापरली जाणारी मोडबस ही पद्धत १९७९ साली तयार झाली. आज्ञा देणारा कोण, त्याला तसा अधिकार आहे काय, हे विचारण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. तारेवरून जी आज्ञा येईल ती पीएलसी निमूटपणे पाळतो. मोडबसची सुरक्षित आवृत्ती तसेच ओपीसी यूए यांसारख्या ओळख तपासणाऱ्या पद्धती पुढे आल्या. मात्र बसविलेली जुनी यंत्रे एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून यंत्र स्वतः जे विचारू शकत नाही, ते त्याच्यासमोर उभ्या असलेल्या नेटवर्क उपकरणाने विचारावे लागते. सुरक्षित उपकरण म्हणजे नको असलेल्या संभाषणाला नकार देऊ शकणारे उपकरण, ही त्याची सर्वांत सोपी व्याख्या होय.

कुंपण कोठे तुटते?

ही भीती काल्पनिक नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीज वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत शिरून हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. ते आत आले कंपनीच्याच दूरप्रवेशाच्या मार्गाने. तेथे पासवर्डव्यतिरिक्त दुसरी ओळख मागितली जात नव्हती. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जुन्या यंत्रांना नव्या नेटवर्कशी जोडणाऱ्या छोट्या कन्व्हर्टर पेट्यांमधील अंतर्गत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, त्यांनी पुसून टाकले. त्यामुळे नियंत्रण कक्षातून ब्रेकर पुन्हा जोडता येईनात. कर्मचाऱ्यांना गाड्या काढून उपकेंद्रांवर जावे लागले आणि हाताने पुरवठा सुरू करावा लागला. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा प्रकार होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अलिक्विपा या लहान गावाच्या पाणीपुरवठा केंद्रातील नियंत्रक असाच परक्या हातात गेला. या मालिकेतील नियंत्रक थेट इंटरनेटवर उघडे होते आणि कारखान्यातून आलेला ‘११११’ हा पासवर्ड अनेक ठिकाणी तसाच ठेवला गेला होता. कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हाताने चालवून पुरवठा सांभाळला. गाव लहान आहे, आपल्याकडे कोण कशाला येईल, हा समज येथे खोटा ठरला. असे हल्लेखोर गाव शोधत नाहीत. इंटरनेटवर उघडी असलेली पेटी शोधतात, आणि ती शोधण्याचे काम संगणक आपोआप करतो.

महाराष्ट्रालाही याची झळ बसली आहे. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरमुळे मर्स्क समूहाच्या यंत्रणा बंद पडल्या आणि उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हल्ल्याचे मूळ युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. थांबले ते कंटेनर. कार्यालय आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये पक्की भिंत नसेल, तर हजारो किलोमीटर दूरची आग अशी घरात येते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल गाड्या जागीच थांबल्या. १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखविली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हेच कारण असल्याचे सांगितले. या वादात न शिरताही एक बोध घेता येतो. घटना घडल्यावर ‘नेमके काय झाले’ याचे उत्तर देण्यासाठी नोंदी लागतात, आणि त्या ठेवण्याची क्षमता उपकरण विकत घेतानाच पाहावी लागते.

खरेदीआधी नकाशा

चांगली खरेदी दुकानात सुरू होत नाही, ती कारखान्याच्या जमिनीवर सुरू होते. प्रथम एका कागदावर नेटवर्कला जोडलेली प्रत्येक वस्तू लिहावी : पीएलसी, टच पॅनेल, ड्राइव्ह, वजनकाटा, कॅमेरे, कार्यालयातील संगणक, यंत्र पुरवठादाराने स्वतःहून बसविलेला मोडेमसुद्धा. ही शेवटची वस्तू बहुतेक यादीतून सुटते. नंतर प्रत्येक जोडीसमोर लिहावे की या दोघांना एकमेकांशी बोलण्याची खरोखर गरज आहे काय. वजनकाट्याला हिशेबाच्या संगणकाशी बोलावे लागते. कॅमेऱ्याला प्रेसच्या पीएलसीशी बोलण्याचे काहीच कारण नाही.

औद्योगिक यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली आयईसी ६२४४३ ही मानकमालिका याच विचारावर उभी आहे. सारख्या गरजेच्या यंत्रांचा एक विभाग करावा, आणि दोन विभागांमधील वाहतूक ठरावीक व पहाऱ्यातील मार्गानेच जाऊ द्यावी, असे ती सांगते. जिनिंग कारखान्यात कार्यालय हा एक विभाग, कॅमेरे दुसरा, जिनिंग यंत्रे तिसरा, प्रेस चौथा आणि अग्निशमन व्यवस्था स्वतंत्र, अशी साधी विभागणी पुरते. कापूस आणि ठिणगी यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अग्निशमन व्यवस्था वेगळी का, हे सांगावे लागू नये. रासायनिक कारखान्यात धोक्याच्या क्षणी प्रक्रिया थांबविणारी सुरक्षा यंत्रणा अशीच अलग हवी. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात नेमक्या याच यंत्रणेवर हल्ला झाला होता, आणि तिच्या नियंत्रकाची चावी प्रोग्रॅम बदलण्याच्या स्थितीत राहिल्याने तो शक्य झाला.

हा नकाशा तयार झाला की किती स्विच, किती फायरवॉल आणि कोठे, याचे उत्तर आपोआप मिळते. नकाशाशिवाय केलेली महागडी खरेदी म्हणजे भिंत नसलेल्या घराला बसविलेले भक्कम दार.

स्विच : ऊन, धूळ आणि शिस्त

स्विचचे दोन प्रकार असतात. साधा स्विच केबल जोडताच चालू होतो. त्याला कोणतीही सूचना देता येत नाही आणि तो कोणालाही अडवत नाही. व्यवस्थापनक्षम स्विचमध्ये प्रत्येक पोर्टचे नियम ठरविता येतात. किंमत जास्त असली तरी यंत्रांच्या विभागात दुसराच घ्यावा. तो घेताना पुढील गोष्टी तपासाव्यात. न वापरलेले पोर्ट बंद करता येतात काय? एखाद्या पोर्टवर ठरावीक यंत्राखेरीज दुसरे काही जोडल्यास तो पोर्ट बंद होतो काय? व्हीलॅनच्या साहाय्याने एकाच स्विचवर वेगवेगळे विभाग करता येतात काय? त्याच्या व्यवस्थापनासाठी एसएसएच, एचटीटीपीएस आणि एसएनएमपीची तिसरी आवृत्ती या सांकेतिक पद्धती आहेत काय, आणि टेलनेटसारख्या पासवर्ड उघडा पाठविणाऱ्या जुन्या पद्धती बंद करता येतात काय? मात्र व्हीलॅन म्हणजे फायरवॉल नव्हे, हे ध्यानात ठेवावे. व्हीलॅन खोल्या पाडते. दारावर पहारा ठेवत नाही.

यानंतर हवामान. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या शेडमधील बंद पॅनेलमध्ये ड्राइव्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांची उष्णता त्यात मिळते. कार्यालयासाठी बनविलेला स्विच सर्वसाधारणपणे ४० ते ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतो. औद्योगिक स्विच ६० आणि विस्तारित श्रेणीत ७५ अंशांपर्यंतही काम करतात. जिनिंगमध्ये उडणारा कापसाचा तंतू पंख्याच्या जाळीत अडकतो, म्हणून पंखा नसलेलाच स्विच घ्यावा. पॅनेलमधील पट्टीवर बसणारा, २४ व्होल्टवर चालणारा आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेऊ शकणारा स्विच इष्ट. दोन इमारतींमध्ये तांब्याच्या केबलऐवजी फायबर टाकावी; मृगाच्या विजा तांब्यातून पॅनेलपर्यंत पोहोचतात, फायबरच्या काचेतून नाही.

उष्णता आणि धूळ यांचा सुरक्षिततेशी काय संबंध, असे वाटू शकते. संबंध सरळ आहे. ऐन हंगामात रात्री दोन वाजता स्विच बंद पडतो. फिटर बाजारातून मिळेल तो साधा स्विच आणून बसवितो आणि यंत्र सुरू होते. त्या क्षणी सर्व नियम संपलेले असतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून टिकाऊपणा हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. त्याच कारणास्तव महत्त्वाचे स्विच वलयाकार जोडावेत. एका बाजूची केबल तुटली तर संदेश दुसऱ्या बाजूने जातो. एमआरपी या प्रमाणित पद्धतीत पन्नास स्विचपर्यंतच्या वलयात हा बदल नेहमीच्या मांडणीनुसार २०० मिलिसेकंदांत होतो.

फायरवॉल : वाचू द्यावे, लिहू देऊ नये

कार्यालय आणि यंत्रे यांच्यामधील दारावर फायरवॉल बसते. औद्योगिक फायरवॉल निवडताना एकच प्रश्न निर्णायक ठरतो : तिला यंत्रांची भाषा कळते काय? साधी फायरवॉल फक्त कोठून कोठे, एवढेच पाहते. औद्योगिक फायरवॉल संदेशाच्या आत डोकावते. मोडबसमध्ये क्रमांक ३ ची आज्ञा पीएलसीतील आकडे वाचते. क्रमांक ६ व १६ च्या आज्ञा ते आकडे बदलतात. मालकाच्या संगणकाला आज किती गाठी झाल्या हे वाचायचे असते, प्रेसचा दाब बदलायचा नसतो. तेव्हा कार्यालयाकडून येणारी क्रमांक ३ ची आज्ञा सोडावी, ६ आणि १६ अडवावी, असा नियम करता आला पाहिजे. कारखान्यात ज्या भाषा वापरात आहेत त्यांची नावे कळवून विक्रेत्याकडून प्रत्यक्ष प्रात्यक्षिक मागावे.

फायरवॉलचा मूळ नियम ‘सर्व बंद, लागेल तेवढेच उघडे’ असा असावा. नवीन नियम थेट लागू करण्याआधी काही दिवस केवळ निरीक्षण करण्याची सोय असेल तर उत्तम. चुकीच्या नियमाने यंत्र थांबले तर दुसऱ्या दिवशी फायरवॉलच काढून ठेवली जाते. अतिशय धोकादायक प्रक्रियेसाठी माहिती केवळ बाहेर जाऊ देणारी, आत काहीच येऊ न देणारी एकदिशा उपकरणेही मिळतात. ती महाग असल्याने वीजकेंद्रे, अणुऊर्जा, तेलशुद्धीकरण अशा ठिकाणी त्यांचा विचार होतो.

दुरून होणारी दुरुस्ती

लहान कारखान्यातील सर्वांत मोठे भगदाड येथे असते. यंत्र पुरवठादार सिमकार्डाचा राऊटर बसवून जातो, वॉरंटी संपते, करार संपतो; राऊटर मात्र पॅनेलच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे लुकलुकत राहतो. २००० साली ऑस्ट्रेलियातील मरूची परगण्यात कंत्राटदाराच्या एका माजी कर्मचाऱ्याने लॅपटॉप व रेडिओच्या साहाय्याने सांडपाण्याचे पंप पुन्हा पुन्हा बिघडविले आणि सुमारे आठ लाख लिटर सांडपाणी उद्यानांत व नदीनाल्यांत वाहून गेले. त्याची नोकरी संपली होती, प्रवेश संपला नव्हता.

दूरप्रवेशाचा राऊटर निवडताना म्हणून चार गोष्टी आग्रहाने मागाव्यात. पहिली, जोडणी आतून बाहेर व्हावी. इंटरनेटवरून थेट दिसणारा पत्ता राऊटरला किंवा सिमला नसावा. मोबाइल कंपन्या खासगी एपीएनची सोय देतात, ती घ्यावी. दुसरी, पासवर्डसोबत दुसरी ओळख अनिवार्य असावी आणि प्रत्येक तंत्रज्ञाचे स्वतंत्र खाते असावे; ‘सर्व्हिस’ नावाचे सामाईक खाते चालवू नये. तिसरी, आत आलेल्या व्यक्तीला फक्त ज्या यंत्राची दुरुस्ती करायची तेवढेच दिसावे. चौथी गोष्ट साधी पण फार उपयोगी आहे. अनेक औद्योगिक राऊटरना एक विद्युत इनपुट असतो. त्याला चावीचा स्विच जोडला की चावी फिरविल्याशिवाय बाहेरची जोडणी होतच नाही. चावी शिफ्ट इन्चार्जच्या खिशात राहते. तंत्रज्ञाने फोन करावा, इन्चार्जने चावी फिरवावी, काम झाल्यावर काढून घ्यावी. या व्यवस्थेला संगणकाचे ज्ञान लागत नाही आणि ती गावातील कोणालाही समजते.

जुनी यंत्रे, नवे कन्व्हर्टर आणि वायफाय

जुन्या यंत्रांचा सिरिअल पोर्ट इथरनेटला जोडणारे कन्व्हर्टर किरकोळ वस्तू मानले जातात. युक्रेनच्या अनुभवानंतर तसे मानता येत नाही. त्यांचे फर्मवेअर निर्मात्याच्या डिजिटल सहीशिवाय बदलता येऊ नये, त्यांना पासवर्ड असावा आणि ते फायरवॉलच्या आतल्या बाजूस असावेत. उपकरण सुरू होताना आपले सॉफ्टवेअर अस्सल आहे की नाही हे स्वतःच तपासते काय, हा प्रश्न कन्व्हर्टरपासून फायरवॉलपर्यंत प्रत्येक वस्तूच्या बाबतीत विचारावा.

वायफाय यंत्राच्या नियंत्रणासाठी शक्यतो टाळावे. फिरत्या ट्रॉलीसारख्या कामासाठी ते अपरिहार्य असेल, तर डब्ल्यूपीए३ पद्धतीचे घ्यावे आणि कार्यालयाचे वायफाय त्याला जोडू नये. केबल तोडून सर्व काही अलग ठेवले की प्रश्न मिटला, असेही नाही. २०१० साली उघडकीस आलेले स्टक्सनेट हे घातक सॉफ्टवेअर इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणांमध्ये पेन ड्राइव्हमधून शिरत होते, आणि सर्वाधिक बाधित देशांत इराण व इंडोनेशियापाठोपाठ भारताचा समावेश होता.

प्रमाणपत्र काय सांगते, काय सांगत नाही

माहितीपत्रकावर ‘आयईसी ६२४४३’ असे छापलेले असते. या मालिकेत अनेक भाग असल्याने नेमका कोणता भाग, हे विचारावे. भाग ४-१ निर्मात्याची उत्पादनविकासाची पद्धत तपासतो : दोष शोधणे, ते जाहीर करणे, दुरुस्ती पुरविणे. भाग ४-२ प्रत्यक्ष उपकरणात कोणत्या सुरक्षा सोयी असाव्यात हे सांगतो. सुरक्षेच्या चार पातळ्या आहेत. पहिली अनवधानाने होणाऱ्या चुकांपासून, दुसरी साध्या साधनांनी जाणूनबुजून केलेल्या हल्ल्यापासून, तिसरी व चौथी अधिकाधिक कसबी व साधनसंपन्न हल्लेखोरांपासून. मध्यम कारखान्याने विभागांमधील दारांसाठी निदान दुसऱ्या पातळीचे लक्ष्य ठेवणे व्यवहार्य ठरते. ‘मानकाला अनुरूप’ हा विक्रेत्याचा शब्द आणि स्वतंत्र संस्थेचे प्रमाणपत्र यांत अंतर आहे. प्रमाणपत्रावरील मॉडेल क्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती आपल्या हाती पडलेल्या पेटीशी जुळते की नाही, हे पाहावे.

प्रमाणपत्राहूनही बोलका असतो निर्मात्याचा इतिहास. दोष प्रत्येक उपकरणात सापडतात. जो निर्माता आपल्या उपकरणांतील दोषांच्या सूचना नियमितपणे प्रसिद्ध करतो, तो वाईट नव्हे. ज्याने कधीच एकही सूचना काढलेली नाही, त्याच्याबद्दल शंका घ्यावी. सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, हे खरेदी आदेशात लेखी असावे. युरोपीय महासंघाचा सायबर प्रतिरोधकता कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला आणि त्याच्या मुख्य तरतुदींसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांना सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे दुरुस्त्या पुरविण्याचे बंधन त्यात आहे. तीच कंपनी भारतात तेच उपकरण विकत असेल, तर तीच हमी मलकापूरच्या ग्राहकानेही मागावी. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी आणि अनुक्रमांक निर्मात्याकडे पडताळून घ्यावा.

पेटी उघडल्यानंतर

उपकरण आल्यावर पहिले काम म्हणजे मूळ पासवर्ड बदलणे, दुसरे फर्मवेअर अद्ययावत करणे, तिसरे नको असलेल्या सेवा बंद करणे. त्यानंतर सर्व नियमांची प्रत नेटवर्कबाहेर जपून ठेवावी आणि त्याच मॉडेलचा एक जादा स्विच कपाटात ठेवावा. रात्री दोन वाजता बाजारातील साधा स्विच आणण्याची वेळ मग येत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत द्यावी लागते. औद्योगिक नियंत्रण यंत्रणांवरील हल्लेही त्यांत येतात. नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवावी लागतात. तेव्हा नोंदी स्वतंत्र संगणकाकडे पाठविण्याची आणि वेळ जुळविण्याची सोय स्विच, फायरवॉल व राऊटर या तिन्हींत असणे आवश्यक आहे. दोन उपकरणांच्या घड्याळांत सात मिनिटांचे अंतर असेल, तर कोण आधी आत आले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

पैसा मर्यादित असेल तर

सर्व काही एकाच हंगामात होणार नाही, हे उघड आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम विस्मरणात गेलेले मोडेम काढावेत आणि दूरप्रवेशाला चावी व दुसरी ओळख लावावी. याला खर्च सर्वांत कमी आणि लाभ सर्वांत मोठा. दुसऱ्या टप्प्यात कार्यालय व यंत्रे यांच्यामध्ये एक औद्योगिक फायरवॉल बसवावी. तिसऱ्या टप्प्यात प्रेस, बॉयलर, रासायनिक भट्टी अशा महत्त्वाच्या यंत्रांचे स्विच बदलावेत. चौथ्यात नोंदींची व्यवस्था करावी. प्रत्येक खरेदीत एक प्रश्न मात्र कायम असावा : हे उपकरण सांभाळणारा माणूस येथे आहे काय? मुंबईहून अभियंता येईपर्यंत बंद राहणारी अत्याधुनिक फायरवॉल, आणि गावातील तंत्रज्ञाला नीट कळणारी मध्यम फायरवॉल, यांत दुसरीची निवड बहुधा शहाणपणाची ठरते. मलकापुरात डॉ. वि. भि. कोलते यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी परिसरातील कारखान्यांच्या नेटवर्कचे नकाशे काढण्याचे काम प्रकल्प म्हणून घेतले, तर दोघांचाही लाभ होईल.

शेतकरी कुंपण घालताना बाभळीची फांदी कोठे लावायची, हे जनावरांच्या वाटा पाहून ठरवितो आणि दर पावसाळ्यानंतर कुंपणाभोवती एक फेरी मारतो. कारखान्याच्या नेटवर्कला याहून वेगळे शहाणपण लागत नाही. वाटा आधी पाहाव्यात, कुंपण मग घालावे, आणि फेरी मारणे सोडू नये.